डॉ. एल्सी इंग्लिस व त्यांचीं इस्पितळें

शाळेंत पहिल्या महायुद्धाचा धडा शिकवितांना सेनापतींचीं नांवें येतात, लढायांच्या तारखा येतात, तहाचीं कलमें येतात; स्त्रीचें नांव मात्र सहसा येत नाहीं. विचारलेंच तर मुलें मिस नाइटिंगेल यांचें नांव सांगतात, आणि त्या तर साठ वर्षें आधींच्या क्रिमियन युद्धांतल्या! यास्तव या अंकांत आम्ही अशा एका बाईंचें चरित्र देण्याचें योजिलें आहे कीं, ज्यांचा जन्म आपल्याच देशांत झाला, ज्यांनीं उभारलेल्या इस्पितळांतून फ्रेंच, सर्बियन, रशियन अशा हजारों जखमी सैनिकांचे प्राण वांचले, आणि ज्यांना युद्धाच्या आरंभीं त्यांच्याच देशाच्या सैन्यांतील एका अधिकाऱ्यानें घरीं जाऊन स्वस्थ बसण्यास सांगितलें होतें.

एल्सी मॉड इंग्लिस हिचा जन्म १६ ऑगस्ट १८६४ रोजीं नैनीताल येथें झाला. तिचे वडील जॉन इंग्लिस हे सरकारच्या मुलकी नोकरींत मोठ्या हुद्द्यावर होते. मुलगी जन्मतांच तिचा जीव घेण्याची जी दुष्ट चाल त्या काळीं उत्तरेकडील कांहीं लोकांत होती, तिच्याविरुद्ध त्यांनीं आवाज उठविला होता, आणि मुलींना शिक्षण मिळालें पाहिजे असें त्यांचें ठाम मत होतें. स्वतःच्या मुलींच्या बाबतींतही त्यांनीं हें मत बाजूस ठेविलें नाहीं. (हें आम्ही मुद्दाम लिहितों; कारण सभेंत एक व घरांत दुसरें असें आचरण असणारे सुधारक आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत.) एल्सी लहानपणीं आपल्या बाहुल्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके काढी, आणि मग त्यांना आजार झाला असें मानून त्यांची शुश्रूषा करीत बसे.

वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब कांहीं काळ टास्मानियांत राहिलें व १८७८ सालीं स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरीं स्थायिक झालें. तेथें एल्सीची शाळा एका सुंदर चौकांत होती. चौकाच्या मध्यभागीं बाग होती, परंतु ती भोंवतालच्या घरमालकांची खासगी. तेव्हां मुलींनीं खेळावें कोठें? ही बाग शाळेच्या मुलींना खुली व्हावी म्हणून एल्सीनें खटपट आरंभिली आणि ती तडीस नेली. आमच्या वाचकांना ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु बंद दार दिसलें कीं त्याची किल्ली कोणाकडे आहे याची शांतपणें चौकशी करावयाची, ही संवय त्या मुलीस तेव्हांपासूनच लागली असावी.

१८८५ सालीं तिची आई वारली. त्यानंतर एल्सी व तिचे वडील हे जणूं एकमेकांचे मित्रच झाले, आणि पुढें तिनें डॉक्टर होण्याचा बेत सांगितला तेव्हां तो त्यांनीं आनंदानें उचलून धरिला. त्या वेळीं एडिंबरोंत हा बेत करणें म्हणजे काय, तें थोडें सांगितलें पाहिजे. १८७० सालीं सोफिया जेक्स-ब्लेक व तिच्या सोबतिणी शरीरशास्त्राच्या परीक्षेस निघाल्या असतां पुरुष विद्यार्थ्यांच्या जमावानें त्यांची वाट अडविली, त्यांच्यावर चिखल फेंकला, आणि परीक्षा चालू असतां दालनांत एक मेंढी सोडून दिली. विश्वविद्यालयानें त्यांना पदवी दिली नाहीं ती नाहींच. तरीही जेक्स-ब्लेक बाईंनीं परक्या विश्वविद्यालयाची पदवी मिळविली, त्या परत आल्या, आणि १८८६ सालीं त्यांनीं एडिंबरोंत स्त्रियांसाठीं स्वतंत्र वैद्यकशाळा काढली. या शाळेंत एल्सी दाखल झाली.

येथें एक प्रसंग घडला, आणि तो आम्हांस लपवून ठेवावासा वाटत नाहीं. जेक्स-ब्लेक बाईंची शिस्त फार कडक. इस्पितळांत ठरलेल्या वेळेनंतरही थांबल्याबद्दल दोघी बहिणींना त्यांनीं शाळेंतून काढून टाकिलें. एल्सी त्या मुलींच्या बाजूनें उभी राहिली, आणि तिनें व तिच्या वडिलांनीं मित्रांच्या साहाय्यानें १८८९ सालीं त्याच शहरांत स्त्रियांसाठीं दुसरें वैद्यक महाविद्यालय उघडलें! आम्ही शिक्षक असल्यामुळें आमचें मन या भांडणांत द्विधा होतें. ज्या बाईनें अंगावर चिखल झेलला, तिला ठाऊक होतें कीं एका मुलीचें एक पाऊल चुकलें तरी हांसण्यास अर्धें शहर टपलेलें आहे. तिचा कडकपणा निव्वळ हेकटपणा नव्हता. परंतु रोग्याच्या काळजीनें किंवा शिकण्याच्या ओढीनें थांबलेल्या विद्यार्थिनीस घालवून देणें हेंही आम्हांस रुचत नाहीं. थोर माणसें सर्वच बाबतींत एकमेकांशीं पटवून घेतात, अशी समजूत मुलांनीं करून घेऊं नये.

ग्लासगो येथें विख्यात शस्त्रवैद्य विल्यम मॅक्यूअन यांच्या हाताखालीं अनुभव घेऊन एल्सी १८९२ सालीं वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण झाली. येथून पुढें आपण तिला अरेतुरे करणें सोडूं व डॉक्टरबाई म्हणूं. डॉक्टरबाईंनीं लंडनमधील स्त्रियांच्या इस्पितळांत व नंतर डब्लिनच्या प्रसूतिगृहांत काम केलें आणि १८९४ सालीं त्या एडिंबरोस परतल्या. त्याच वर्षीं त्यांचे वडील निवर्तले. डॉ. जेसी मॅकग्रेगर या मैत्रिणीसह त्यांनीं दवाखाना चालविला. गरीब बायकांकडून त्या अनेकदां फी घेत नसत. उलट आजारांतून उठलेल्या बाईस हवापालटासाठीं समुद्रकिनारीं पाठविण्याचा खर्चही स्वतः सोसत. १९०४ सालीं शहराच्या जुन्या, दाट वस्तीच्या भागांत गरीब स्त्रियांसाठीं त्यांनीं एक लहानसें प्रसूतिगृह उघडलें.

या व्यवसायांतच त्यांना राजकारणाची दीक्षा मिळाली असें म्हणतां येईल. पत्नीवर शस्त्रक्रिया करावयाची कीं नाहीं हें पतीनें ठरवावें, त्यानें नकार दिला तर डॉक्टरनें हात चोळीत बसावें, असे प्रसंग त्यांनीं डोळ्यांनीं पाहिले. जिचा देह तिला विचारण्याची कोणास गरज वाटत नाहीं, कारण कायदा करणाऱ्या सभेंत तिचें मत नाहीं, हा कार्यकारणभाव त्यांना दिसला. स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून त्या वेळीं ब्रिटनमध्यें दोन पक्ष झगडत होते. एक पक्ष खिडक्या फोडी, तुरुंगांत जाई, अन्नत्याग करी. दुसरा सभा, अर्ज, व्याख्यानें या सनदशीर मार्गानें जाई. डॉक्टरबाई दुसऱ्या पक्षाच्या होत्या. स्कॉटलंडमधील मताधिकार-संस्थांच्या संघाच्या त्या मानद चिटणीस होत्या, आणि रोग्यांचें काम आटोपून रात्रींच्या आगगाडीनें गांवोगांवीं व्याख्यानास जात.

ऑगस्ट १९१४ मध्यें महायुद्ध पेटलें. त्याच महिन्यांत डॉक्टरबाईंना पन्नास वर्षें पूर्ण झालीं. वीस वर्षांहून अधिक काळ शस्त्रक्रियेचा अनुभव असलेली ही बाई एडिंबरो येथील सैन्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे गेली आणि आपली सेवा घ्यावी म्हणून तिनें विनंती केली. त्यानें जें उत्तर दिलें त्याचा आशय आम्हीं आरंभींच सांगितला आहे. त्या गृहस्थास आम्ही दुष्ट म्हणणार नाहीं. सारें राष्ट्र जें मानीत होतें तेंच तो बोलला. पुरुषानें रणांगणावर जावें, स्त्रीनें चुलीपाशीं बसून सैनिकांसाठीं मोजे विणावे, आणि फारच झालें तर नर्स होऊन पुरुष डॉक्टरच्या आज्ञेंत वागावें, असें तें चित्र होतें. पुरुषाच्या देहावर सुरी चालविणारी, हुकूम देणारी, इस्पितळाचा कारभार पाहणारी स्त्री त्या चित्रांत कोठेंच बसत नव्हती. सैन्यास डॉक्टरांची तेव्हां निकड होती. तरीही चित्र मोडण्यापेक्षां डॉक्टर नाकारणें त्यास सोपें वाटलें.

डॉक्टरबाई परत गेल्या खऱ्या, परंतु स्वस्थ बसल्या नाहींत. त्यांनीं मताधिकार-संघाच्या सभेंत असा बेत मांडिला कीं, आपणच स्त्रियांचीं संपूर्ण इस्पितळें उभारावीं आणि ब्रिटन घेत नसेल तर मित्रराष्ट्रांस द्यावीं. नांवाचा प्रश्न निघाला. मताधिकाराचा उल्लेख नांवांत असावा असें कित्येकींना वाटे. परंतु त्या शब्दानें बिचकणारे लोकही वर्गणी देऊं शकतील, हें जाणून डॉक्टरबाईंनीं साधें नांव पत्करिलें : स्कॉटिश स्त्रियांचीं इस्पितळें. त्यांतील स्त्रिया हा शब्द मात्र गाळूं दिला नाहीं. गणवेश करड्या रंगाचा ठरला व त्यास स्कॉटलंडच्या चौकटीच्या कापडाची किनार. डॉक्टर स्त्री, नर्स स्त्री, स्वयंपाकीण स्त्री, हिशेबनीस स्त्री, मोटार हांकणारी स्त्री, आणि मोटार बिघडली तर तिच्याखालीं शिरून दुरुस्त करणारीही स्त्रीच! पैसा देशांतून आला, परदेशांतून आला. एलिझाबेथ ॲबट नांवाच्या बाई या निधीसाठीं हिंदुस्थान व ऑस्ट्रेलियापर्यंत फिरल्या.

फ्रान्सनें देणगी आनंदानें स्वीकारली. पॅरिसच्या उत्तरेस रोयोमों येथें तेराव्या शतकांतला एक जुना मठ त्यांना मिळाला. उंच दालनें, कडाक्याची थंडी, वर नेण्यास यांत्रिक पाळणा नाहीं. सारे जखमी स्ट्रेचरवर घालून बायकांनींच जिन्यांनीं वर चढविले. डॉ. फ्रान्सेस आयव्हेन्स यांच्या हाताखालीं १९१५ च्या आरंभापासून युद्ध संपून जाईपर्यंत हें इस्पितळ चाललें, आणि तेथें दहा हजारांवर रोग्यांवर उपचार झाले.

डॉक्टरबाईंचें मन मात्र सर्बियाकडे ओढलें. बाल्कनमधील या लहानशा राष्ट्रांत १९१४-१५ च्या हिंवाळ्यांत टायफस ज्वराची भयंकर सांथ आली. हा रोग अंगावरील उवांमुळें पसरतो. जखमी, कैदी, निर्वासित एकाच ठिकाणीं कोंदून पडलेले. धुण्यास पाणी नाहीं, बदलण्यास कपडा नाहीं. लाखावर माणसें दगावलीं, आणि देशांतले डॉक्टरही मोठ्या संख्येनें त्यांत गेले. क्रागुयेवात्स येथें आधींच पोहोंचलेल्या स्त्रियांच्या पथकांतील कांहीं नर्सही बळी पडल्या. त्यांतल्या लुइसा जॉर्डन यांचें नांव २०२० सालीं करोनाच्या सांथींत ग्लासगोच्या तात्पुरत्या इस्पितळास देण्यांत आलें. पथकाच्या प्रमुख डॉ. सोल्टौ आजारी पडल्या तेव्हां १९१५ च्या वसंत ऋतूंत डॉक्टरबाई स्वतः तेथें गेल्या. त्यांनीं औषधाइतकाच झाडू, साबण आणि उकळतें पाणी यांवर भर दिला. इस्पितळें वाढविलीं, सांडपाण्याची व्यवस्था लाविली, आणि वर्षाच्या मध्यापर्यंत सांथ हटली.

तोंच दुसरें संकट आलें. १९१५ च्या शरद ऋतूंत जर्मनी, ऑस्ट्रिया व बल्गेरिया यांनीं सर्बियावर एकदम चाल केली. सैन्य व लोक आल्बानियाच्या बर्फाळ डोंगरांतून समुद्राकडे निघाले. पथकांतील कांहीं स्त्रियाही त्यांच्यासह पायीं निघाल्या. परंतु हालवितां न येणाऱ्या जखमींचें काय? डॉक्टरबाई क्रुशेवात्स येथें त्यांच्यापाशीं राहिल्या आणि नोव्हेंबरमध्यें शत्रूच्या हातीं सांपडल्या. इस्पितळांत क्षमतेहून कितीतरी अधिक माणसें भरलीं होतीं. एका कोठारांत तर सामानाच्या फळ्यांवर एकावर एक रोगी निजविले होते. या जागेंत टायफस शिरला तर कोणी उरणार नाहीं हें ओळखून बाईंनीं कैदेंत असतांही प्रथम खाडे खणविले, गटारें साफ करविलीं, न्हाणीघर उभारलें. एके दिवशीं एका जर्मन अधिकाऱ्यानें त्यांच्यापुढें एक कागद ठेविला : जर्मन सैन्यानें येथील लोकांस उत्तम रीतीनें वागविलें, अशा अर्थाचें प्रमाणपत्र, त्यावर सही करा म्हणाला. डॉक्टरबाईंनीं नाकारलें. त्यानें दरडावून पाहिलें. बाई हालल्या नाहींत. पेशींट शत्रूचा असो कीं मित्राचा, त्याची मलमपट्टी त्या करीतच होत्या. परंतु सही ही निराळी गोष्ट होती.

फेब्रुवारी १९१६ मध्यें त्यांची सुटका होऊन त्या मायदेशीं परतल्या. एप्रिलमध्यें सर्बियाचा व्हाइट ईगल हा मानाचा किताब त्यांना मिळाला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. दीड वर्षांत ब्रिटनही बदललें होतें. पुरुषांची सक्तीची सैन्यभरती सुरू झाल्यानें ट्रामवर तिकिटें देणें, दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करणें, शेत नांगरणें या कामांवर बायका दिसूं लागल्या होत्या. लंडनमध्यें एंडेल स्ट्रीटवर स्त्री-डॉक्टरांनीं चालविलेलें लष्करी इस्पितळ खुद्द युद्धखात्यानेंच मान्य केलें होतें. पुढें माल्टा बेटावर स्त्री-डॉक्टर पाठविण्यांत आल्या. काम पुरुषांचें, परंतु हुद्दा नाहीं! ज्याला हुद्दा नाहीं त्याचा हुकूम शिपायानें कां मानावा, याचें उत्तर युद्धखात्यापाशीं नव्हतें.

याच सुमारास डॉक्टरबाईंनीं मेसोपोटेमियांत पथक नेण्याची परवानगी मागितली, आणि ती नाकारण्यांत आली. महाराष्ट्रांतील वाचकांना या नकाराचें महत्त्व निराळें सांगावयास नको. त्या आघाडीवर पुणें डिव्हिजन लढत होती व तींत आपल्या मराठा पलटणी होत्या. तेथील जखमींना उघड्या पडावांवर घालून नदीनें दिवसेंदिवस आणीत. औषध नाहीं, सावली नाहीं. २९ एप्रिल १९१६ रोजीं कूत येथें ही डिव्हिजन शत्रूच्या स्वाधीन झाली, आणि वैद्यकीय व्यवस्थेची दैना १९१७ सालच्या चौकशीच्या अहवालांत जगापुढें आली. एका पथकानें किती फरक पडला असता हें आम्ही सांगूं शकत नाहीं. परंतु पथक तयार होतें.

ऑगस्ट १९१६ च्या अखेरीस सुमारें पाऊणशें स्त्रिया घेऊन डॉक्टरबाई रशियाकडे निघाल्या. रशियन सैन्याबरोबर सर्बांची एक डिव्हिजन दोब्रुजा प्रांतांत लढत होती. तिच्यासाठीं हीं इस्पितळें. चिखल, माघार, पुन्हां तंबू, पुन्हां माघार. मोटारी हांकणाऱ्या तरुण मुलींनीं केस आंखूड कापले होते व पायांत पुरुषांसारख्या ब्रीचिस चढविल्या होत्या; मायदेशांत पाहणाऱ्यांनीं तोंडांत बोट घातलें असतें, परंतु गुडघाभर चिखलांत लांब झगा किती वेळ टिकणार? त्याच युद्धांत फ्लोरा सँडीस ही इंग्रज बाई तर परिचारिका म्हणून सर्बियास गेली आणि अखेरीस बंदूक घेऊन सर्बियन सैन्यांत शिपाई झाली. डॉक्टरबाईंचा मार्ग तो नव्हता. त्यांनीं पुरुषाचा वेष घेतला नाहीं कीं हातीं शस्त्र धरलें नाहीं. आम्ही स्त्रिया आहों आणि हें काम आमचें आहे, एवढेंच त्यांचें म्हणणें. त्या फार गोड स्वभावाच्या होत्या असेंही नाहीं. निर्णय झटपट घेत, कारण सांगत नसत, आणि हाताखालच्या कित्येकींना तें जाचे. ज्यांना जन्मभर दारें ढकलावीं लागतात त्यांचे हात मऊ राहत नाहींत.

१९१७ सालीं रशियांत क्रांति झाली. आघाडी ढासळूं लागली. सर्बियन डिव्हिजन अशा ठिकाणीं अडकली होती कीं ती निष्कारण मारली जाईल अशी भीति होती. कमिटीनें डॉक्टरबाईंना परत येण्याची मोकळीक दिली. सर्ब सैनिक सुटल्याखेरीज आपण निघणार नाहीं असें त्यांनीं कळविलें, आणि त्यांच्या सुटकेसाठीं लंडनकडे तगादा चालविला. या सर्व काळांत पोटांतल्या कर्करोगानें त्यांचें शरीर पोखरत होतें. नोव्हेंबरमध्यें आर्केंजल बंदरांतून जहाज निघालें. बरोबर सर्ब होते. प्रवासांत बाई बहुतेक अंथरुणालाच खिळल्या होत्या. २५ नोव्हेंबर १९१७ रोजीं जहाज न्यूकॅसलच्या बंदरास लागलें. डॉक्टरबाई उठल्या, गणवेश चढविला, छातीवर पदकें लाविलीं, आणि सर्बियन अधिकारी एकामागून एक निरोप घेत असतां उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशीं, २६ नोव्हेंबरला, त्यांचें देहावसान झालें. एडिंबरोच्या सेंट जाइल्स मंदिरांत उपासना होऊन डीन दफनभूमींत त्यांना पुरण्यांत आलें.

त्यानंतर अडीच महिन्यांनीं, फेब्रुवारी १९१८ मध्यें, पार्लमेंटनें स्त्रियांना मताचा हक्क दिला. परंतु तो तीस वर्षांवरील व घरदाराची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांनाच. ज्या विशी-पंचविशीच्या मुलींनीं दोब्रुजाच्या चिखलांतून जखमी आणिले, त्यांना पुरुषांच्या बरोबरीनें मत मिळण्यास १९२८ साल उजाडावें लागलें. १९१९ च्या कायद्यानें कारखान्यांतल्या बायकांना पुरुषांच्या जागा रिकाम्या करून द्याव्या लागल्या. युद्धकाळीं स्त्रियांना घेणाऱ्या लंडनच्या कांहीं वैद्यकशाळांनीं पुढील दशकांत आपलीं दारें पुन्हां लावून घेतलीं. गरज होती तोंवर दार उघडें होतें, इतकेंच.

एडिंबरोंत त्यांच्या नांवाचें प्रसूतिगृह १९२५ सालीं उघडलें व १९८८ सालीं बंद झालें. त्या शहरांतल्या कितीएक वृद्ध माणसांचा जन्म तेथला. सर्बियांत म्लादेनोवात्स गांवीं जी पाणपोई आहे ती मात्र त्यांच्या हयातींतच, १९१५ सालीं, लोकांनीं त्यांच्या नांवानें उभारली होती. त्या गांवीं डॉक्टरबाईंचें एक इस्पितळ होतें, आणि इस्पितळास प्रथम काय लागतें हें तेथील लोकांनीं त्यांच्याकडूनच पाहिलें होतें : स्वच्छ पाणी.